दोन्ही पट्ट्या चांगल्या आहेत

१

ही हकीकत मी माझ्या वहिनींकडून ऐकली. माझी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तोंडी परीक्षा आटोपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्या वेळी शेजारच्या खोलीत दार लावून काम करत होता. स्वयंपाकघरात वहिनी आणि मी असे दोघेच होतो.

माझा विषय ध्वनिविज्ञान. कानाने ऐकलेले आणि उपकरणाने मोजलेले यांत फरक करावा, आणि मोजलेल्यावरही बेताचाच विश्वास ठेवावा, ही या विषयाची पहिली शिकवण. म्हणून वहिनींनी सांगितलेले, दादाने सांगितलेले आणि मी स्वतः पाहिलेले, हे तिन्ही मी शक्य तितके वेगळे ठेवले आहे. जिथे ते वेगळे ठेवता आले नाही, तिथे तसे म्हटले आहे.

वहिनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होत्या. 'होत्या' असे लिहितो, कारण थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी ती नोकरी सोडली होती. याचे मला नवल वाटले होते. प्रयोगशाळा ही त्यांची नुसती नोकरी नव्हती, तो त्यांचा स्वभाव होता. "नळी धुतली की नाही अशी शंका आली ना, भाऊजी, की परत धुवायची. शंकेवर औषध नसतं, पाणी असतं," असे त्या म्हणत. घरातही त्या ताठ पाठीने बसत, आणि कप रिकामा झाला की टेबलावर पुरता टेकण्याआधी तो धुतलेला असे.

त्या दिवशी मात्र त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. अंगात मोहरी रंगाचा जुना स्वेटर होता. चहाचा रिकामा कप तसाच समोर पडला होता.

"दादाचा नवा संगणक काय म्हणतो?" मी विचारले.

"आता शहाण्यासारखा चालतो. आधी मात्र रडवलं त्याने." त्या हसल्या. "सांगू? पण हसायचं नाही."

मी हसलो नाही. पुढे हसण्यासारखे काही आलेच नाही.

२

दादा बोलत्या पुस्तकांचे ध्वनिसंपादन करतो. कोणीतरी पुस्तक वाचते, आणि दादा त्यातले अडखळणे, खोकणे, पान उलटल्याचा आवाज काढून टाकतो. पूर्वी हे काम तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका स्टुडिओत जाऊन करत असे, आणि जेवणापुरता घरी येत असे. मग वहिनींनी ठरवले की घरातलीच एक खोली त्याच्या कामाला द्यायची आणि संगणकही आपणच जुळवायचा.

ती खोली मी अनेकदा पाहिली आहे. भिंतींना करड्या फोमचे जाड तक्ते. दाराला कडेने रबराची पट्टी, त्यामुळे ते लावले की आतला आवाज बाहेर येत नाही आणि बाहेरचा आत जात नाही. दारात डोळ्यांच्या उंचीवर वहीच्या पानाएवढी काच, म्हणजे आत काम चालू आहे की नाही हे बाहेरच्याला कळावे. दाराकडे तोंड करून एक स्टूल. त्याच्या मागच्या भिंतीशी टेबल, टेबलावर पडदा, आणि पडद्यासमोर दादाची खुर्ची. तिथे बसल्यावर दादाची पाठ दाराकडे येते.

वहिनींनी एकेक भाग निवडून आणला. कॅबिनेट आडवे घालून, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून मनगट लोखंडाला टेकवून, त्यांनी मदरबोर्ड बसवला, पंखा कसला, आणि शेवटी रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या स्मृतीच्या, दोन पट्ट्या त्यांच्या खाचांत दाबल्या. दोन्ही पट्ट्या एकाच खोक्यातल्या, जोडीने विकल्या जाणाऱ्या, एकीपासून दुसरी वेगळी ओळखू येऊ नये अशा.

"त्या बसताना टक् असा आवाज होतो," वहिनी म्हणाल्या. "दोन वेळा टक्. मला फार बरं वाटलं होतं त्या आवाजाने. म्हटलं, आता हा घरातच राहील."

संगणक सुरू झाला आणि संध्याकाळच्या आत बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा पडला. दादाच्या संपादित ध्वनीत मधेच टाचणी पडल्यासारखे आवाज येऊ लागले. वहिनींनी पेन ड्राइव्हवर, काम चालू असतानाही चालत राहील असा, चाचणीचा प्रोग्रॅम घेतला आणि रॅम तपासायला लावली. पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या.

ती चाचणी काय करते हे मला ठाऊक नव्हते. वहिनींनी जे सांगितले ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पुढे मला त्याची वारंवार आठवण झाली.

"समजा, एक भलीमोठी इमारत आहे. हजारो खोल्या. चाचणी प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीवर त्या खोलीचाच क्रमांक लिहून येते. मग परत पहिल्यापासून एकेक दार वाजवत सुटते. 'तू कोण?' खोलीने स्वतःचा क्रमांक सांगितला की पुढे. लाल ओळ म्हणजे काय, तर दार एका खोलीचं वाजवलं आणि उत्तर दुसरीनेच दिलं."

३

वहिनींचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की गुण कशाने आला हे कळत नाही.

त्यांनी एक पट्टी काढली. चाचणी निर्दोष पार पडली. ती काढून दुसरी लावली. तीही निर्दोष. खाचांची अदलाबदल केली, पट्ट्यांची टोके खोडरबराने पुसली, वेग कमी करून पाहिला. एकेकटी पट्टी कोणत्याही खाचेत बिनतक्रार चाले. दोन्ही एकत्र लावल्या की लाल.

त्या दुकानात गेल्या. दुकानदार जुना ओळखीचा आणि बोलघेवडा.

"मॅडम, नव्या मशीनचं नव्या नवरीसारखं असतं. चार दिवस रुसते, मग रुळते."

"माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. रुसले असेन, पण लाल ओळी दाखवल्या नाहीत कुणाला. बदलून द्या."

दुकानदाराने नवी जोडी दिली. पुन्हा तेच. त्या परत गेल्या तेव्हा त्याने दोन्ही जोड्या आपल्या मशीनवर लावून दाखवल्या, आणि हात जोडले.

"दोन्ही पट्ट्या चांगल्या आहेत, मॅडम. यात खोट नाही, त्यात खोट नाही. तुमच्या घरी एकत्र नांदत नाहीत, त्याला मी काय करू? एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, तसला प्रकार. एक काढा आणि सुखाने राहा."

"कोणती काढू?"

"ते तुम्ही ठरवा. मशीनला काय, कोणतीही चालते."

वहिनींनी हे वाक्य मला सांगितले, मग काही वेळ त्या रिकाम्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. शेजारच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता.

४

एके दिवशी कामावर जाताना त्यांनी दोन्ही पट्ट्या लावून चाचणी सुरू ठेवली. दुपारी परतल्या तेव्हा पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती. चाचणीच्या कितीतरी फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या, सगळ्या निर्दोष.

"बघ!" दादा म्हणाला. "सुतासारखं सरळ आलं."

वहिनी स्टुलावर टेकल्या. खांद्यावरची पिशवी अजून उतरवली नव्हती, तोच पडद्यावर लाल ओळ उमटली. मग दुसरी.

"तुझा पायगुण," दादा हसून म्हणाला.

"माझ्या पायगुणाने हा संगणक उभा राहिलाय, विसरू नकोस."

त्यांना राग आला, पण रागापेक्षा जिज्ञासा मोठी होती. त्यांनी स्वतःला तपासायला घेतले. मोबाइल बाहेर ठेवून आत गेल्या: लाल. प्रयोगशाळेचा नायलॉनचा कोट काढला: लाल. अनवाणी गेल्या, कोपऱ्यात न हलता उभ्या राहिल्या: लाल. बाहेर येऊन दार लावले आणि काचेतून पाहिले, तेव्हा ओळी थांबल्या. त्यांनी दादाला, शेजारणीला, दूधवाल्यालाही आत उभे करून पाहिले. कोणाच्याही असण्याने काही बिघडले नाही.

"शेजारीण आत जाऊन उभी राहिली तर मशीन खूश," त्या म्हणाल्या. "मी बनवलेलं मशीन. मत्सर वाटला हो मला. यंत्राचा नाही, शेजारणीचा."

याच सुमारास कपाची गोष्ट घडली. वहिनींचा एक कप आहे, कानाचा टवका उडालेला. तो दुसरे कोणी घेत नाही. त्या दुपारी कामावरून आल्या तेव्हा दादाच्या टेबलावर त्याच्या कपाशेजारी तो कप होता. तळाशी चहाचा घोट शिल्लक होता.

दादाला स्वतःपुरता चहा करायचा म्हणजे डोंगर चढणे. दोन कपांचा चहा त्याने केला असेल हे वहिनींना पटेना.

"माझा कप कुणी घेतला?"

"कुणी म्हणजे? तूच." दादाने हेडफोनही काढला नाही.

"मी सकाळपासून कामावर होते."

"मग जायच्या आधी घेतला असशील."

वहिनींनी कप उचलला. तो कोमट होता.

५

दादाकडे वाचनाला येणाऱ्यांत एक तरुण वाचिका होती. तिच्या आवाजामुळे दादाने तिचे नाव बुलबुल ठेवले होते. हे नाव वहिनींना पहिल्यापासून रुचले नव्हते. "माझं नाव काय ठेवलंयस?" असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा दादा म्हणाला होता, "तुला नाव ठेवायची माझी काय बिशाद?" उत्तर मजेचे होते. तरी ते त्यांना लागले होते.

कप हातात घेऊन उभ्या असताना त्यांच्या मनात बुलबुलच आली.

दादाची एक कामाची पद्धत आहे, जी ध्वनिसंपादक सर्रास पाळतात. कोणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज तो काही वेळ मुद्रित करून ठेवतो. वाक्यांमधली गाळलेली जागा पुरती मुकी ठेवली तर कानाला खड्डा लागतो, म्हणून तिथे रिकाम्या खोलीचा हा आवाज भरायचा. दादा बाजारात गेला असताना वहिनी त्याच्या खुर्चीत बसल्या, हेडफोन चढवला, आणि ते रिकाम्या खोलीचे आवाज ऐकू लागल्या. संशय घेणाऱ्या दुसऱ्या कोणी मोबाइल चाळला असता. वहिनींना मात्र ठाऊक होते की माणूस जिथे कोणी नाही असे समजतो, तिथेच पुरावा राहतो.

बराच वेळ नुसती सळसळ. पंख्याची घरघर. मग, अगदी जवळ, बाईचे हसणे. आणि हलक्या आवाजात, "थांब ना, ते वाक्य परत लाव."

दादा पिशव्या घेऊन आला तेव्हा त्या तिथेच बसून होत्या.

"बुलबुल येते का रे इथे, मी नसताना?"

"बुलबुल? ती बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय, महिना होत आला. का गं?"

"मग ही कोण खिदळतेय? माझी सवत?"

दादाने हेडफोन लावला, ऐकले, आणि मोठ्याने हसला. "अगं वेडे, ही तूच!"

"डोळ्यांत धूळ फेकतोस ती फेक. निदान कानांत तरी फेकू नकोस."

"माझं पोट आवाजावर चालतं. तुझा आवाज मला ओळखता येणार नाही?"

इथे ध्वनिविज्ञानाला एक गोष्ट ठाऊक आहे. माणूस बोलताना स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे मुद्रित केलेला आपला आवाज आपल्याला परका आणि पातळ वाटतो. वहिनींनाही हे माहीत होते. "पण परका वाटला म्हणून नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "गोड वाटला म्हणून. तसं हसायला मला कधी सुचलंच नव्हतं."

या भागाची पडताळणी मी केली आहे. दादाकडून तो तुकडा घेऊन, माइक तपासण्यासाठी वहिनींनी पूर्वी वाचलेल्या एका उताऱ्याशी मी तो ताडून पाहिला. उपकरणांच्या मर्यादेत दोन्ही आवाज एकाच व्यक्तीचे आहेत. तुकड्यावरची वेळ सकाळची आहे, आणि त्या सकाळी वहिनी कामावर होत्या असे त्यांच्या एका सहकारिणीने मला सांगितले. मात्र नव्या संगणकाचे घड्याळ तोवर नीट लावलेले नसणे शक्य आहे, आणि सहकारिणीचा दिवसांचा घोटाळा झालेला असणेही शक्य आहे. याहून अधिक मी म्हणत नाही.

६

बुलबुलवरचा संशय फिटला. वहिनींच्या मते तो खरा ठरला असता तर बरे झाले असते.

"सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या," त्या म्हणाल्या. "पण ही? हिच्या अंगावर माझेच कपडे. हिचा कप माझाच. हिच्यात वावगं काय दाखवणार? उलट चारचौघांना विचारलं असतं तर म्हणाले असते, हीच बरी."

दादात बदल होत होता. तो वहिनींशी पूर्वीपेक्षा मायेने बोलू लागला होता. जाता-येता त्यांच्या खांद्यावर हात ठेवी. "कालच्यासारखं हस की," म्हणे. काल काय झाले होते हे वहिनींना ठाऊक नसे. विचारले तर तो गोंधळे, मग हसे, आणि तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ आली की त्याच्या कपाळाला आठी पडे. ती आठी वहिनींकडे पाहूनच पडत असे.

एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "तू काल म्हणालीस ते मनात घोळतंय माझ्या."

"काय म्हणाले मी?"

"हेच की हा संगणक तू माझ्या कामासाठी जुळवलाच नाहीस. मी दिवसभर तिकडे असायचो आणि तुला घर खायला उठायचं, म्हणून जुळवलास. इतकी वर्षं हे मला दिसलं नाही गं. चुकलं माझं."

हे सांगताना वहिनींचा आवाज खाली आला. ती गोष्ट त्यांनी दादाला कधीच सांगितली नव्हती. पट्ट्या खाचेत दाबताना, त्या दोन टक् आवाजांच्या मध्ये, ती त्यांच्या मनात आली होती. मशीन नीट चालू लागले की सांगायची, असे ठरवून त्यांनी ती राखून ठेवली होती.

"ठेवणीतलं वस्त्र असतं ना, तशी होती ती गोष्ट माझी. तिने घडी मोडली. बरं, तिने सांगितली याचंही काही नाही. त्याने ऐकली. तिच्या तोंडून ऐकली आणि चुकलं म्हणाला. मी सांगितली असती तर 'ताट वाढ' म्हणाला असता."

मी म्हणालो, की दादाने कदाचित ते स्वतःच ओळखले असेल, आणि आपण ऐकल्याचा त्याला भास झाला असेल.

"तेच म्हटलं मी मनाला. म्हणून मग बघायचं ठरवलं."

७

पद्धत त्यांची नेहमीचीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चाचणी सुरू, दोन्ही पट्ट्या आपल्या जागी, दादा आपल्या खुर्चीत, सगळे रोजच्यासारखे. फक्त परतण्याची वेळ बदलायची, आणि ती कोणाला सांगायची नाही.

भर सकाळी त्या प्रयोगशाळेतून निघाल्या. डोके दुखते असे सांगितले. रस्त्याने चालताना त्यांना आपण चोरासारखे चालत आहोत असे वाटत होते, आणि जात होत्या तर स्वतःच्याच घरी. पुढचे दार हलकेच उघडले. चपला बाहेर काढल्या. स्वयंपाकघरात शेगडीवर चहाचे पातेले होते, त्यातून अजून वाफ निघत होती. त्या खोलीच्या दाराशी गेल्या. रबराच्या पट्टीमुळे आतले काही ऐकू येत नव्हते. काचेवर आतून कापडाचा तुकडा लावलेला होता, पण तो एका बाजूने सरकला होता.

इथवर वहिनी सलग बोलत होत्या. इथे थांबल्या.

"आत दादा होता?" मी विचारले.

"होता ना. पडद्याकडे तोंड करून. गुणगुणत होता."

"आणि?"

"आणि स्टुलावर ती. पाय वर घेतलेले. हाच स्वेटर." त्यांनी बाहीला हात लावला. "कप दोन्ही हातांत धरलेला. छान बसली होती."

"तिने पाहिलं?"

वहिनी माझ्याकडे न पाहता, मागे बघितल्यासारखे, हलकेच हसल्या. पुढची वाक्ये मी जशी ऐकली तशी देतो. त्यांत मी एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही.

"नाक काचेला टेकलं होतं. श्वासाची वाफ धरत होती, विरत होती, परत धरत होती. त्या वाफेत नुसते डोळे. आणि माझ्या पाठीमागे पडद्यावर लाल ओळींचा पाऊस. हा म्हणाला, 'अगं, बघ ना, परत सुरू झालं.' मी काही वळले नाही. मी तिच्याकडेच बघत होते. किती जळत होती हो बिचारी."

८

मी माझ्या सवयीने विचारले, "पण वहिनी, दाराबाहेर तर तुम्ही होता ना?"

"हो तर," त्या म्हणाल्या. "मीच."

"मग पडदा तुमच्या पाठीमागे कसा असेल? बाहेरून पाहणाऱ्याच्या तो समोर येतो. आणि काचेला टेकलेलं नाक दिसतं ते आतल्याला."

त्यांनी थोडा विचार केला. रागावल्या नाहीत. पूर्वीच्या वहिनी असत्या तर अशा प्रश्नाने सुखावल्या असत्या आणि खोलीत नेऊन जागा मोजून दाखवल्या असत्या. या फक्त माझ्याकडे मायेने पाहत राहिल्या.

"तुमची परीक्षा झाली ना काल?" त्या म्हणाल्या. "मग माझी कशाला घेताय?"

त्यानंतर काय झाले असे मी विचारले. काहीच नाही, असे त्या म्हणाल्या. दार उघडले, बंद झाले. त्या दिवसापासून संगणक दोन्ही पट्ट्यांवर चालतो आहे. दादा अधूनमधून हौसेने चाचणी लावतो. एकही लाल ओळ येत नाही. नोकरी त्याच आठवड्यात सोडली. "घरात इतकं बरं वाटतं," त्या म्हणाल्या, "की बाहेर जावंसंच वाटत नाही."

तेवढ्यात शेजारच्या खोलीचे दार उघडले आणि दादाने डोके बाहेर काढले. गळ्यात हेडफोन होता.

"अगं, गंमत बघ. लाल ओळ आलीय. इतक्या दिवसांनी!" मला पाहून म्हणाला, "तुझा पायगुण असेल, पंडित."

"त्यांचा नाही," वहिनी म्हणाल्या.

दादा आत गेला. "दुसरी आली," असे त्याचे शब्द ऐकू आले, आणि दार लागले.

वहिनींनी खोलीकडे पाहिलेच नाही. त्या पुढच्या दाराकडे पाहत होत्या. स्वयंपाकघरातून ते सरळ दिसते. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात खडबडीत काच आहे, पलीकडचे माणूस नुसते सावलीसारखे दिसावे अशी. वहिनी उठल्या, आवाज न करता दारापर्यंत गेल्या, खालची कडी घातली, मग वरची घातली. परत येऊन खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या.

दार वाजले. जोरात नाही. आपल्याच घराचे दार वाजवावे लागते तेव्हा माणूस जसा संकोचाने वाजवतो, तसे.

"कोण आहे?" मी कुजबुजलो.

"असू दे. वाजवून वाजवून जाईल. रोज थोडीच येते." त्यांनी कप उचलला, तो रिकामा आहे हे पाहिले, आणि पुन्हा ठेवला. "भाऊजी, तुम्ही मागच्या दाराने जाल का? तेवढं करा माझ्यासाठी."

मी चपला हातात घेतल्या. मागच्या दाराकडे वळताना एकदा पुढच्या दाराकडे पाहिले. खडबडीत काचेवर, चेहऱ्याच्या उंचीवर, बाहेरच्या बाजूने वाफेचा एक पांढरा ठिपका होता. तो लहान होई, मग मोठा होई.

मागच्या अंगणातून बाहेर पडून घराला वळसा घालणे आणि पुढच्या दाराशी कोण आहे हे पाहणे मला सहज शक्य होते. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून त्यांच्या घराची पुढची पायरी दिसत नाही, फक्त पायरीशेजारची चपला ठेवायची जागा दिसते. तिथे वहिनींच्या प्रयोगशाळेत घालायच्या पांढऱ्या चपला होत्या, टाचेला टाच लावून नीट ठेवलेल्या, जशा त्या नेहमी ठेवत असत.

ध्वनिमुद्रण मी तपासले आहे. दुकानदाराला भेटलो आहे, आणि पट्ट्यांत दोष नव्हता हे त्याने मला शपथेवर सांगितले. खोलीत जाऊन स्टूल, पडदा आणि काच यांच्या जागाही मी पाहिल्या आहेत. त्या वर लिहिल्याप्रमाणेच आहेत. हे सगळे मला सांगणारी व्यक्ती त्या सकाळी काचेच्या कोणत्या बाजूला होती, एवढे मात्र मला पडताळता आलेले नाही.